ताई ची : फॉर्म पाठ झाला, पुढे काय?

गेल्या काही महिन्यांत आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रे ताई चीविषयी, म्हणजे संथ हालचालींच्या चिनी युद्धकलेविषयी आहेत. त्यांतले बहुतेक प्रश्न नवशिक्यांचे नसून, काही वर्षे नियमित सराव केल्यानंतर आपण नेमके कुठवर आलो आहोत हे कळेनासे झालेल्या वाचकांचे आहेत. म्हणून या वेळचे सदर पूर्णपणे याच विषयाला दिले आहे. पत्रे संक्षेपाने दिली असून पत्रलेखकांची नावे वगळली आहेत.

प्रश्न : माझे वय ४६ आहे. दोन वर्षांपासून मी ताई चीच्या वर्गाला जाते आणि २४ हालचालींचा फॉर्म (ठरलेल्या क्रमाने करायची हालचालींची मालिका) मला आता कोणाकडे न पाहता, न अडखळता करता येतो. माझ्याबरोबरच्या काही जणींनी ४२ हालचालींचा फॉर्म आणि तलवारीचा फॉर्म शिकायला सुरुवात केली आहे. आमच्या बाई मात्र मला ‘अजून इथेच थांबा’ असे सांगतात आणि कारण विचारले तर ‘हळूहळू कळेल’ एवढेच म्हणतात. पहिल्या वर्षी दर आठवड्याला काहीतरी नवे हाती लागत होते. आता महिनोन्‌महिने काहीच बदलत नाही असे वाटते. ताई चीमध्ये प्रगतीचे ठरलेले टप्पे असतात का, आणि असतील तर आपण कोणत्या टप्प्यावर आहोत हे कसे ओळखावे?
— एक वाचक, पुणे

उत्तर : टप्पे आहेत, आणि ते फार पूर्वीपासून लिहून ठेवलेले आहेत, मात्र त्यांतला एकही टप्पा आपल्याला किती फॉर्म येतात यावरून ठरवलेला नाही. परंपरेने वांग झोंगयुए यांच्या नावावर असलेला एक छोटासा लेख ताई चीच्या जवळजवळ सर्व शैलींचे (यांग, चेन अशा घराण्यांच्या नावांनी ओळखल्या जाणाऱ्या) लोक प्रमाण मानतात. त्यात तीन पायऱ्या सांगितल्या आहेत. आधी हालचाली अंगवळणी पडतात; त्या अंगवळणी पडल्या की शरीरातून जोर कसा निघतो, कुठून कुठे जातो आणि कुठे अडतो याची समज हळूहळू येऊ लागते; आणि ती समज मुरली की विचार न करताही योग्य तेच घडू लागते. दीर्घकाळ कष्ट केल्याशिवाय हे एकाएकी उलगडत नाही, असेही त्याच ठिकाणी लगोलग म्हटले आहे. तुम्ही यांतली पहिली पायरी चढला आहात. पहिल्या पायरीवरची प्रगती बाहेरून दिसते, कारण काल न येणारी हालचाल आज येते. दुसऱ्या पायरीवरची प्रगती बाहेरून जवळजवळ दिसतच नाही, आणि म्हणून तिथे आलेल्या माणसाला आपण थांबलो आहोत असे वाटते. तुम्हाला आज जे जाणवते आहे ते बहुतेक प्रत्येकाला याच ठिकाणी जाणवते, आणि बरेच जण नेमके इथेच नवा फॉर्म हाती घेऊन स्वतःची समजूत घालतात.

तुम्ही करता तो फॉर्म कशासाठी तयार झाला हे लक्षात घेतले तर बाईंचा आग्रह समजायला मदत होईल. चीनच्या क्रीडा आयोगाने १९५६ मध्ये यांग शैलीच्या लांब फॉर्ममधून निवडक हालचाली घेऊन, पुनरावृत्ती कमी करून, सर्वसामान्यांना थोड्या काळात शिकता यावा म्हणून तो बांधला. पाच-सहा मिनिटांत तो पूर्ण होतो. ताई चीच्या दालनात शिरण्याचा तो दरवाजा आहे, आणि दरवाजा म्हणून तो उत्तम आहे. ४२ हालचालींचा फॉर्म १९८९ मध्ये स्पर्धांसाठी रचला गेला आणि त्यात यांग, चेन, वू आणि सुन या शैलींच्या हालचाली एकापाठोपाठ येतात. एका शैलीतून दुसरीत जाताना पावलांची लांबी, धडाचा कल आणि वेग हे सगळे बदलते. ज्यांचा एका शैलीतला पाय अजून पक्का झालेला नाही त्यांना हा फॉर्म पाठ होतो, पण त्यांच्या अंगातले जुने दोष त्यात अधिक खोल रुजतात. शास्त्रीय गाण्यात यमन नीट लागण्याआधी दहा रागांच्या बंदिशी पाठ करून जे हाती येते, तेच इथेही येते. माझ्या मते तुमच्या बाईंचे म्हणणे योग्य आहे. ‘हळूहळू कळेल’ हे उत्तर मात्र अपुरे आहे, कारण काय कळायचे आहे हे विद्यार्थ्याला सांगितले नाही तर तो नुसताच वाट पाहत बसतो.

काय कळायचे आहे, हे चेन घराण्याच्या एका जुन्या पद्यात फार नेमकेपणाने आले आहे. हनान प्रांतातले चेनजियागो हे चेन घराण्याचे गाव. तिथले चेन शिन (१८४९–१९२९) यांचा ताई चीवरचा मोठा सचित्र ग्रंथ त्यांच्या मृत्यूनंतर, १९३३ मध्ये छापला गेला. त्यातल्या या पद्यात हाताची प्रत यिन आणि यांग यांच्या प्रमाणावरून ठरवली आहे. यिन म्हणजे मृदू, सामावून घेणारा भाग. यांग (यांग शैलीच्या नावाशी याचा संबंध नाही) म्हणजे कणखर, बाहेर जाणारा भाग. ज्यात नुसता यिन आहे तो हात लुळा, ज्यात नुसता यांग आहे तो ताठर. एक भाग यिन आणि नऊ भाग यांग असलेला हात दांडक्याच्या जातीचा, दोन आणि आठ असलेला हात विस्कळीत, तीन आणि सात असलेला हात अजूनही कडकच वाटणारा, चार आणि सहा असलेला हात चांगल्या माणसाचा. आणि पाच भाग यिन व पाच भाग यांग, कुठलीही बाजू वरचढ नाही, असा हात अद्‌भुत म्हणावा. चेन घराण्याच्या एकोणिसाव्या पिढीतले चेन शाओवांग यांनी कौशल्याच्या पाच पातळ्या समजावून सांगताना याच प्रमाणांचा आधार घेतला आहे.

या पद्यातली मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट अशी की, नवशिक्याचा दोष तो दुबळा असणे हा नसून तो गरजेपेक्षा खूप जास्त जोर वापरतो हा आहे, हे त्यात पहिल्याच पातळीवर सांगितले आहे. पातळी वाढते तसा नवा जोर येत नाही, तर नको तिथला जोर कमी होत जातो. मात्र नुसता ढिलेपणा हेही ध्येय नाही. लुळ्या हाताला त्या पद्यात ताठर हाताच्याच रांगेत बसवले आहे. आपल्याकडच्या अनेक वर्गांत ‘रिलॅक्स, रिलॅक्स’ एवढाच घोष चालतो आणि मंडळी खांद्यांबरोबर पाठीचा कणाही सोडून देतात, तेव्हा या ओळीची आठवण द्यावीशी वाटते.

आता तुम्ही कुठे आहात हे तपासण्याची एक पद्धत सांगतो. गुडघ्यासमोरून एक हात फिरवत दुसरा तळहात पुढे नेण्याची जी हालचाल तुमच्या फॉर्ममध्ये सुरुवातीच्या भागात लागोपाठ तीनदा येते, ती घ्या. मागच्या पायावर बसा, पुढच्या पायाची बोटे बाहेर वळवा, वजन त्या पायावर आणा, मागचा पाय जवळ घ्या आणि पुढे टाच टेकवा. इथे थांबा. टाच जमिनीला लागलेली आहे, पण तिच्यावर वजन मुळीच नसायला हवे. आता धड जराही न हलवता, श्वास न रोखता, ती टाच उचलून परत जवळ घ्या आणि पुन्हा तिथेच टेकवा. हे सहज जमले तर तुमचे पाऊल खरोखर रिकामे होते. पाय मागे घेण्यासाठी कंबरेला हिसका द्यावा लागला, किंवा वरचे धड मागे झुकवावे लागले, तर तुम्ही पाऊल टाकत नव्हता, पावलावर पडत होता. फॉर्म बिनचूक पाठ असलेल्या बहुतेकांना ही गोष्ट पहिल्यांदा जमत नाही, आणि चालण्याच्या वेगात ती कोणाच्या लक्षातही येत नाही.

पुढे तळहात समोर नेताना तीन गोष्टी पाहा. खांदा कानाच्या दिशेने किंचित वर चढतो का. कोपर बाहेर फुटते का. आणि पाय, कंबर व हात एकाच क्षणी पोहोचतात का. बहुधा पाय आधी पोहोचतो, मग कंबर थांबते आणि हात एकटाच पुढचा प्रवास करतो. हाताचा हा एकट्याचा प्रवास म्हणजेच वर सांगितलेला नऊ भागांचा यांग. यांग शैलीचे गुरू यांग चेंगफू (१८८३–१९३६) यांनी सांगितलेली दहा तत्त्वे तुमच्या बाईंकडे नक्की असतील. त्यांतली खांदे व कोपर खाली सोडणे, भरलेला आणि रिकामा पाय वेगळा ओळखणे, आणि वरचे व खालचे अंग एकत्र चालवणे ही तीन आधी घ्या. पण तिन्ही एकदम नव्हे. महिनाभर फॉर्म करताना फक्त रिकाम्या पावलाकडेच लक्ष द्या, हात चुकले तरी चालतील. पुढच्या महिन्यात दुसरे तत्त्व घ्या. तीन-चार महिन्यांनी पहिल्या तत्त्वाकडे परत आलात की त्याच पावलात पूर्वी न जाणवलेला दोष सापडेल. नवा दोष सापडणे हीच या टप्प्यावरची प्रगती आहे, आणि तो दोष तुम्हाला तुमच्या बाईंच्या आधी जाणवू लागला की दुसरी पायरी सुरू झाली असे समजायला हरकत नाही. ४२ चा फॉर्म तेव्हाही तिथेच असेल.

प्रश्न : मी ३८ वर्षांचा आहे. सहा वर्षे चेन शैलीचा सराव करतो, शिवाय व्यायामशाळेतही जातो. गेल्या वर्षापासून आमच्याकडे पुश हँड्स (दोघांनी हाताला हात लावून एकमेकांचा तोल घेण्याचा सराव) सुरू झाले. आमच्या गटात साठी ओलांडलेले, अंगाने किरकोळ असे एक गृहस्थ आहेत. मी कितीही सावधपणे हात लावला तरी दोन-तीन क्षणांत माझा तोल जातो. आणि जोर लावला तर अधिकच लवकर जातो. सहा वर्षांचा सराव वाया गेला का?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : वाया गेलेला नाही, पण त्याची परीक्षा प्रथमच होते आहे. वर उल्लेखिलेल्या जुन्या लेखातच तुमच्या पत्राचे उत्तर आहे. वर्षानुवर्षे मनापासून सराव करूनही ज्यांना समोरच्याचा जोर वळवता येत नाही आणि जे उलट दुसऱ्याच्याच ताब्यात सापडतात, असे लोक नेहमी दिसतात, असे त्यात म्हटले आहे. आणि त्याचे कारण एकच दिले आहे, ते म्हणजे दोन्ही बाजूंना सारखा भार असणे. भार एका बाजूला असेल तर शरीर फिरू शकते; दोन्हीकडे सारखा असेल तर ते अडते. हे केवळ पायांपुरते नाही. समोरचा तुमच्या उजव्या मनगटावर दाबतो आणि तुम्ही त्याच मनगटातून उलट दाबता, तेव्हा भेटीच्या त्या एका बिंदूवर दोघांचाही भार येतो आणि तुमचे सगळे शरीर त्या बिंदूला खिळून राहते. ते गृहस्थ मग तो बिंदू नुसता सोडतात किंवा थोडा वळवतात, आणि तुमचाच जोर तुम्हाला घेऊन जातो. व्यायामशाळेत कमावलेली ताकद इथे आड येते ती यामुळेच. ती जितकी जास्त, तितके खिळणे पक्के.

पुश हँड्समध्ये जुन्या लोकांनी चार दोष सांगितले आहेत : स्पर्श सुटणे, हात दबून चपटा होणे, डोके लावल्यासारखे समोरून भिडणे आणि अडून विरोध करणे. पहिले दोन दोष फार ढिल्या माणसाचे, शेवटचे दोन फार कडक माणसाचे. तुमच्या पत्रावरून शेवटचे दोन तुमच्याकडे आहेत हे स्पष्ट आहे. पण ते सोडायला गेलात की काही महिने पहिले दोन येतील, आणि तेव्हा आपण मागे चाललो आहोत असे वाटेल. ते मागे जाणे नव्हे. एका टोकावरून दुसऱ्या टोकाला गेल्याखेरीज मधली जागा हाताला सापडत नाही, आणि कोणताही शिक्षक ती जागा शब्दांनी दाखवू शकत नाही.

चेंग मान-चिंग (१९०२–१९७५) हे यांग चेंगफू यांचे शिष्य. तरुणपणी क्षयाने ग्रासल्यामुळे ते ताई चीकडे वळले, आणि पुढे तैवानमध्ये व न्यूयॉर्कमध्ये त्यांनी अनेकांना शिकवले. शिकणाऱ्याने हरण्याची किंमत आनंदाने मोजावी, समोरच्याला ढकलण्याची इच्छाच आधी सोडावी, असा त्यांचा आग्रह होता. हा उपदेश ऐकायला गोड आणि करायला फार कठीण आहे, विशेषतः तुमच्या वयात आणि तुमच्या अंगकाठीच्या माणसाला. तरीही मी तोच देतो. त्या गृहस्थांना विनंती करा की महिनाभर त्यांनी तुम्हाला अगदी सावकाश ढकलावे आणि तुम्ही एकदाही उलट ढकलणार नाही. आधी एका हाताने गोल फिरवण्याचा साधा प्रकार घ्या. त्यांचे मनगट तुमच्या मनगटाला लागले की त्यांचा जोर तुमच्या कोणत्या भागाकडे येतो आहे हे ओळखा आणि मोठ्याने सांगा : छाती, डावा खांदा, उजवी कंबर. सुरुवातीला तुम्ही तोल गेल्यानंतर सांगाल. मग तोल जातानाच सांगाल. आणि एके दिवशी ढकलणे नीट सुरू होण्याआधी सांगाल. ताई चीमध्ये याला ऐकणे म्हणतात, आणि ते कानाने नव्हे तर त्वचेने करायचे असते. जोराची समज येणे, म्हणजे दुसरी पायरी, ती याच्यापुढे. अंगावर पिसाचाही भार पडू नये, माशीलाही बसता येऊ नये, इतकी ही जाणीव सूक्ष्म होते असे जुन्या लेखात वर्णन आहे. तिथवर कोण पोहोचते हा भाग निराळा, पण दिशा तीच.

तुम्ही चेन शैलीचे असल्याने आणखी एक गोष्ट तुमच्या उपयोगाची आहे. चेन शाओवांग यांच्या पाच पातळ्यांत वर्तुळाच्या आकाराचाही हिशेब आहे. तिसऱ्या पातळीवर मोठे वर्तुळ मध्यम होते, चौथीवर मध्यमाचे लहान होते आणि पाचवीवर लहान वर्तुळ डोळ्यांना दिसेनासे होते. तुमच्या गटातले गृहस्थ काहीच करत नाहीत असे तुम्हाला वाटत असेल, तर त्यांचे वर्तुळ लहान झाले आहे एवढाच त्याचा अर्थ. त्यांची नक्कल करून लहान वर्तुळ काढू नका. मोठे वर्तुळ कंबरेतून फिरत नसेल तर लहान वर्तुळ मनगटातून फिरते, आणि मनगटातली ही सफाई पुढे मोडायला वर्षे लागतात.

एक इशाराही इथे द्यायला हवा. स्पर्श न करता विद्यार्थ्यांना दहा पावले दूर उडवणाऱ्या शिक्षकांची चित्रफीत पाहून अनेक जण तो सर्वोच्च टप्पा समजतात. आपल्याच शिक्षकाच्या इशाऱ्याला उडण्याची सवय लागलेले विद्यार्थी हा कौशल्याचा पुरावा नाही. तुमच्या गटातल्या त्या साठीच्या माणसाने तरुण, दणकट माणसाचा तोल हाताने घेतला, हा पुरावा आहे. तो तुम्हाला रोज हाताशी मिळतो आहे, त्याची किंमत ओळखा.

प्रश्न : कराटेत पट्टे असतात तसे ताई चीमध्ये काही प्रमाणपत्र किंवा श्रेणी आहे का? मुलाला शाळेत दाखवायला काहीतरी हवे आहे.
— एक पालक, नाशिक

उत्तर : परंपरेत पट्टे नाहीत. चीनमध्ये १९९८ पासून वुशूच्या, म्हणजे चिनी युद्धकलांच्या, सर्व प्रकारांसाठी नऊ श्रेणींची एक अधिकृत पद्धत आहे आणि ताई ची तिच्यात येते : पहिल्या तीन श्रेणींना गरुडाचे, मधल्या तीन श्रेणींना वाघाचे आणि शेवटच्या तीन श्रेणींना ड्रॅगनचे चिन्ह मिळते. वरच्या श्रेणींमध्ये प्रत्यक्ष कौशल्याबरोबर त्या विद्येसाठी केलेल्या कामाचाही विचार होतो. तुमच्याकडे कोणी प्रमाणपत्र देत असेल तर ते कोणत्या संस्थेचे आहे आणि परीक्षेत नेमके काय पाहतात, एवढे विचारून घ्या. मुलाला वाढत्या वयात स्पर्धेची ओढ असेल तर त्यात गैर काही नाही. मात्र श्रेणी आणि पातळी या दोन गोष्टी त्याच्या मनात वेगळ्या राहतील असे पाहा.

प्रश्न : मी ६७ वर्षांचा निवृत्त शिक्षक आहे. दीड वर्षापूर्वी ताई ची सुरू केली. तोल पुष्कळ सुधारला, पण अलीकडे सरावानंतर गुडघे दुखतात, विशेषतः ‘ढगांसारखे हात’ ही हालचाल केल्यानंतर. वर्गातले तरुण खूप खाली बसून करतात. मला तसे जमत नाही. माझ्यासारख्याने टप्प्यांचा विचारच सोडून केवळ आरोग्यापुरते करावे का?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : आधी गुडघे अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा, ते पाहिल्याशिवाय खाली बसण्याचा सराव पूर्ण थांबवा. त्यानंतरचे हे उत्तर आहे.

ताई चीमध्ये गुडघा दुखण्याची कारणे बहुधा तीन असतात, आणि तुम्ही सांगितलेल्या हालचालीत तिन्ही एकत्र भेटतात. वजन एका पायावरून दुसऱ्यावर नेताना गुडघा आतल्या बाजूला पडतो. धड वळवताना खुब्यातून वळण्याऐवजी गुडघ्यातून पीळ बसतो. आणि वजन असलेलेच पाऊल जमिनीवर घासून फिरवले जाते. आरशासमोर उभे राहून अगदी हळू करून पाहा. गुडघा सतत पायाच्या मधल्या बोटांच्या दिशेनेच राहिला पाहिजे आणि बोटांच्या पुढे जाता कामा नये. कंबर वळते तेव्हा हाताची बोटे मांडीच्या आणि पोटाच्या मधल्या घडीवर ठेवा : वळण त्या घडीत जाणवले पाहिजे, गुडघ्यात नव्हे. वळण कमी झाले तरी चालेल. आणि पाऊल वळवायचे असेल तर त्यावरचे वजन आधी काढून घ्या.

खाली बसणे म्हणजे पातळी नव्हे. उंच उभे राहूनही वरचे अंग हलके आणि खालचे अंग भरलेले होऊ शकते, आणि खोल बसूनही खांदे कानाशी असू शकतात. आरोग्य आणि कौशल्य अशी फारकत तुम्ही केली आहे ती मला पटत नाही. अमेरिकेतल्या ऑरेगन राज्यात पार्किन्सनच्या १९५ रुग्णांवर झालेला आणि २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास आहे. आठवड्यातून दोनदा, २४ आठवडे, एका गटाने ताई ची केली, दुसऱ्याने वजने घेऊन व्यायाम केला आणि तिसऱ्याने अंग ताणण्याचे व्यायाम केले. ताई चीच्या गटाला तोल न जाता किती दूर झुकता येते यात इतर दोन्ही गटांपेक्षा अधिक सुधारणा दिसली, आणि अंग ताणणाऱ्या गटाच्या तुलनेत पडण्याचे प्रसंगही कमी झाले. तुम्हाला तोलात जो फरक जाणवला तो अशाच वजन हळू नेण्याच्या, पाऊल रिकामे करण्याच्या सरावातून आला असणार. म्हणजे कौशल्याच्या पहिल्या पायरीचेच ते फळ आहे.

तुमच्यासाठी सर्वांत योग्य शिडी मला चेंग मान-चिंग यांची वाटते. त्यांनी मनुष्य, पृथ्वी आणि आकाश असे तीन स्तर आणि प्रत्येकात तीन पायऱ्या सांगितल्या आहेत. पृथ्वीच्या स्तरात श्वास व ऊर्जा पोटात स्थिरावणे आणि तिथून अंगभर फिरणे येते, आणि आकाशाच्या स्तरात जोर ऐकणे, समजणे आणि त्यापलीकडचे. ते आज बाजूला ठेवू. मनुष्याच्या स्तराच्या तीनही पायऱ्या मात्र केवळ सैल होण्याच्या आहेत : पहिली खांद्यापासून बोटांच्या टोकांपर्यंत, दुसरी खुब्यापासून तळपायापर्यंत, तिसरी माकडहाडापासून डोक्याच्या टाळूपर्यंत. यासाठी खोल बसावे लागत नाही. रोज सकाळी फॉर्मच्या आधी दहा मिनिटे, गुडघे किंचित सैल ठेवून उभे राहा आणि पहिल्या पायरीवर लक्ष द्या : खांदा, कोपर, मनगट, बोटे. बोटांच्या टोकांत ऊब आणि जडपणा यायला लागला की कोपर आपोआप खाली सुटते. तुमच्या वर्गातल्या खाली बसणाऱ्या तरुणांपैकी किती जणांचे कोपर सुटले आहे, हे एकदा निरखून पाहा. तिथे तुम्ही त्यांच्या पुढे जाऊ शकता.

प्रश्न : आमच्या भागात ताई चीचा शिक्षक नाही. वर्षभर मी मोबाइलवरच्या चित्रफिती पाहून एकटीच सराव करते. अशा सरावाने कुठपर्यंत जाता येईल?
— एक वाचक, रत्नागिरी जिल्हा

उत्तर : हालचाली अंगवळणी पडण्यापर्यंत नक्की जाता येईल, आणि नीट केले तर पाऊल व उभे राहणे या दोन गोष्टींत वर्गात जाणाऱ्या पुष्कळांच्या पुढेही जाता येईल. जोराची समज मात्र एकटीने येणार नाही, कारण ती दुसऱ्याच्या हाताशिवाय तपासता येत नाही.

म्हणून एकाच शिक्षकाच्या एकाच फॉर्मच्या चित्रफिती ठेवा आणि बाकीच्या पाहणे बंद करा. दहा शिक्षकांच्या लकबी एकत्र आल्या तर कुठलीच दुरुस्त करता येत नाही. शक्यतो पाठमोरी चित्रित केलेली फीत निवडा, म्हणजे डावे-उजवे उलटे शिकले जाणार नाही. आठवड्यातून एकदा स्वतःचे चित्रण करा आणि पाहताना एकच गोष्ट पाहा : या आठवड्यात डोक्याची उंची वर-खाली होते का, पुढच्या आठवड्यात पाऊल टाकताना धड पुढे झुकते का. फॉर्मपेक्षा उभे राहण्याला अधिक वेळ द्या. मोठा चेंडू कवेत घेतल्यासारखे हात छातीसमोर ठेवून पाच मिनिटांपासून सुरुवात करा आणि दोन-तीन महिन्यांत पंधरा मिनिटांपर्यंत न्या. मांड्या थरथरल्या तर थोडे वर उठा. दात आवळून टिकून राहू नका.

घरातल्या कोणालाही, त्याला ताई ची येत नसली तरी चालेल, आठवड्यातून दोन वेळा पाच मिनिटे मदतीला घ्या. तुम्ही फॉर्मच्या कोणत्याही स्थितीत थांबा आणि त्या व्यक्तीने तुमच्या मनगटावर, कोपरावर किंवा पाठीवर हात ठेवून जोर हळूहळू वाढवत न्यावा. जिथे जोर आल्याबरोबर खांदा वर येतो किंवा टाच उचलते ती स्थिती वहीत टिपून ठेवा. वर्षातून एक-दोनदा पुण्या-मुंबईकडच्या एखाद्या निवासी शिबिराला जाणे शक्य असेल तर ही वही बरोबर न्या. तिथे नवा फॉर्म शिकवण्याची विनंती करू नका. वहीतल्या स्थितींपैकी दोन-तीन स्थिती शिक्षकांना दाखवा आणि त्या त्यांनी स्वतःच्या हाताने दुरुस्त कराव्यात एवढेच मागा. शिबिरात तसा वेळ मिळेल का, एका शिक्षकामागे किती विद्यार्थी असतात आणि पुश हँड्स घेतात का, हे नाव नोंदवण्याआधीच दूरध्वनीवर विचारून घ्या.